मला झेपेल ते रिव्हॉल्व्हर

सील पॉइंट,
३० ऑगस्ट

प्रिय मार्फुशा,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते. मी बरी आहे. यंदा लाल मासा उशिरा आला, पण आला तेव्हा जाळी फाटेपर्यंत आला. आता चंदेरी मासा सुरू झालाय. धुराची खोली भरली आहे, तुझ्या वाटणीचे डबे पुढच्या टपालाच्या विमानाने पाठवते. फ्योदरचा गुडघा पुन्हा सुजलाय आणि तो कुणाचं ऐकत नाही. बाबांच्या क्रुसाला मी जुलैत पांढरा रंग दिला. समुद्राकडच्या बाजूचे पोपडे लगेच निघतात, म्हणून तिकडे दोन हात दिले.

एवढी खुशाली पुरे.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ट्रेंटने तुझा जीव वाचवला. निदान थँक यू तरी म्हणायचंस." मी "बरं" म्हणाले आणि बॅटरी संपत आलीय असं सांगून फोन ठेवला. बॅटरी भरलेली होती. पण फोनवर मी काही बोलायला गेले की तू दबक्या आवाजात "तो इथेच बसलाय" म्हणतेस, आणि मग मी हवेपाण्यावर येते. पत्र तू एकटी वाचशील. पूर्ण वाच, मध्येच चिडून बाजूला ठेवू नकोस. आणि हा महिनाभर ट्रेंटला कामासाठी कुठे लांब जाऊ देऊ नकोस. घरी असलेला बरा. का ते येईलच पुढे.

मी सुरुवातीपासून सांगते, कारण तुझ्या नवऱ्याची गोष्ट नेहमी त्याच्या सोयीच्या जागेवरून सुरू होते.

तुझे बाबा होते तोवर मला बंदूक लागली नाही. मी जाळ्यात हात घालायची आणि ते रायफल घेऊन वाळूवर उभे राहायचे. हिवाळ्यात ते गेले, आणि जाळी लावायला मी एकटी इथे परत यायचं ठरवलं. खांद्याच्या ऑपरेशनपासून रायफल मला झटकन उचलता येत नाही. शिवाय दोन्ही हात माशांच्या रक्ताने बरबटलेले असताना मी मागे ठेवलेली रायफल शोधेपर्यंत कुठलं अस्वल थांबणार? कमरेला काहीतरी हवं होतं. म्हणून मी एक साधा प्रश्न विचारला. पहिलंच रिव्हॉल्व्हर घेतेय, कुठल्या कॅलिबरचं घेऊ?

माझा हात, माझी कंबर, माझा किनारा. पण उत्तर द्यायला सगळं कोडियाक गाव पुढे आलं. दुकानातल्या माणसाने माझ्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या ट्रेंटकडे बघून विचारलं, "मॅडमना कशासाठी हवंय?" मॅडम समोरच उभ्या होत्या. ट्रेंट म्हणाला, "अस्वलांसाठी," आणि मग ते दोघं माझ्या खरेदीबद्दल माझ्यादेखत गप्पा मारत बसले. फादर इनोकेंटींनी प्रार्थना संपल्यावर मला थांबवून सांगितलं, .४४ च्या खाली जाऊ नकोस. ज्या माणसाला कोंबडी कापताना चक्कर येते त्याने. मी .३५७ असं नुसतं म्हटलं तर ट्रेंट हसला. "मॉम, त्याने अस्वलाला फक्त राग येईल." राग कुणाकुणाला कशाकशाने येतो, हे त्याला अजून कळायचंय.

मग ईस्टरला तुम्ही मला ते दिलंत. कुलीचच्या पावाशेजारी, रिबीन बांधून. .४५४, आखूड नळीचं, वजनाला हलकं. हलकं म्हणून मला आधी बरं वाटलं. जेवढं हलकं तेवढं ते हातात जास्त उसळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ट्रेंटला माहीत होतं. हे मी उगाच म्हणत नाही, पुढे वाच.

गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आपण गेलो. कुणी मला आधी हलक्या गोळ्या भरून दिल्या नाहीत. हात असा धर, पाय असे ठेव, कुणी सांगितलं नाही. माझ्या मागे कुणी उभं राहिलं नाही. ट्रेंट बाजूला फोनवर फिल्म काढत उभा होता आणि म्हणाला, "मोठं अस्वल, मोठी गोळी. साधा हिशेब आहे, मॉम. दाबा." मी दाबलं. नळी वर उसळून माझ्या कपाळावर बसली आणि मी चिखलात बसले. तो हसत होता. रक्त माझ्या डोळ्यात येईपर्यंत हसत होता.

संध्याकाळपर्यंत ती फिल्म सगळ्या बेटाने बघितली. चर्चमध्ये, दवाखान्यात, मासे डबाबंद करणाऱ्या कॅनरीत. टपालाच्या विमानाचा पायलट मला इथे सोडताना म्हणाला, "कपाळ काय म्हणतंय?" मी या किनाऱ्यावर बाबांच्या बरोबरीने जाळी ओढली आहेत, वादळात होडी एकटीने आणली आहे, तुला या हातांनी मोठं केलंय, आणि आता कोडियाकमध्ये मी ती बाई आहे जी बंदूक उडवून खाली बसली.

तेही मी गिळलं असतं. पण आठवड्याभरात ट्रेंट तुझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "तुम्हाला बंदूकसुद्धा धरता येत नाही, तिथे एकट्या कशा राहणार? लॉजवाल्यांना जागा हवीच आहे." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्फा, माणसाला न झेपणारी वस्तू हातात द्यायची, ती पडली की फिल्म काढायची, आणि मग ती फिल्म दाखवून म्हणायचं की बघा, हिला झेपत नाही. याला भेट म्हणतात का तुमच्यात?

ते .४५४ मी तुमच्या दाराशीच ठेवून आले. त्याने ते स्वतःच्या कमरेला लावलं. पुढे कामाला आलं म्हणे.

मेमध्ये मी इथे आले ती रिकाम्या हाताने. भांडी वाजवत, मोठ्याने गात जाळ्यापर्यंत जायची. एकदा फ्योदर त्याच्या बाजूने होडी घेऊन आला. तुला माहीत आहे, बाबांचा चुलतभाऊ असूनही त्यांचं आणि त्याचं जाळ्याच्या हद्दीवरून किती वर्षं बोलणं नव्हतं. वाळूवर उभा राहून म्हणाला, "टेक्ला, तू गातेस ते ऐकून सील पळून चाललेत. माझे मासे पण जातील."

मी म्हटलं, "मग बंदूक दे एखादी."

"फिल्म बघितली मी."

"तू पण?"

"बघितली. हसू नाही आलं." मग म्हणाला, "उद्या ये. तीन आहेत माझ्याकडे. तिन्ही उडवून बघ. मी काही सांगणार नाही कुठलं घे म्हणून."

आणि खरंच सांगितलं नाही. आधी .२२ दिलं, ज्याने टिनचे डबे पाडतात. त्यात मला आनंद झाला, पण त्याने अस्वलाचं काही होत नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. मग .४४. ते हातात धरल्याबरोबर माझं कपाळ दुखायला लागलं. एक गोळी कुठेतरी टेकडीत गेली. फ्योदरने ते परत घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं आणि दिलं. मी चाप ओढला तर नुसतं टक झालं. त्याने चक्रातलं ते गोळीचं घर मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझे हात खाली गेले होते आणि डोळे घट्ट मिटले होते.

"हे बघ," फ्योदर म्हणाला, "हे त्या गाढवाने तुला दिलंय. कॅलिबरचं नंतर बघू. आधी हे काढायला हवं."

मी तिथे लाकडावर बसून रडले. कुणाच्या मरणाला रडावं तशी. बाबा गेले तेव्हाही मी लोकांसमोर रडले नव्हते. फ्योदर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने मला चहा हवा का म्हणून विचारलं.

तिसरं होतं .३५७. जुनं, पोलादी, जड, नळी जरा लांब. त्याची बायको पलाशा कोळंबीला जाताना बरोबर न्यायची. त्यात .३८ च्या गोळ्याही चालतात, त्या मऊ लागतात. आधी त्या. रोज मासे साफ करून झाले की मी एक खोकं घेऊन फ्योदरच्या किनाऱ्यावर जायची. तो मध्येच रिकामं घर ठेवायचा आणि मी मध्येच डोळे मिटायची. जून संपता संपता मी डोळे मिटेनाशी झाले. मग जड गोळ्या. त्या लागतात हाताला, पण मला झेपतात. दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी जाते. .४४ ची माझी दुसरी गोळी कुठे जाते ते देवाला माहीत. म्हणून मी .३५७ निवडलं. मला कोणी सांगितलं म्हणून नाही. फादर इनोकेंटींना आणि त्या दुकानदाराला आणि अख्ख्या कॅनरीला काय वाटायचं ते वाटू दे.

आता ट्रेंटच्या पराक्रमाकडे येते.

तो येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विमान उतरलं, त्यातून तो उतरला, आणि त्याच्या मागून नवेकोरे बूट घातलेला एक गृहस्थ. कल्व्हर नाव. लॉजवाले ते हेच. माझी जागा बघायला माझ्या परवानगीशिवाय माणूस आणला. तरी मी चहा ठेवला, सकाळचा पिरोक गरम करून वाढला. कल्व्हर चांगला होता बोलायला, माशाच्या पिरोकला नावाजलं. ट्रेंट माझ्याच टेबलावर बसून त्याला दाखवत होता, इथे डेक येईल, इथे होड्या. बाबांची धुराची खोली आहे तिथे म्हणे गरम पाण्याचा टब.

मग त्यांना ओढ्याचं तोंड बघायचं होतं. मी म्हटलं, "आत्ता नको, ओहोटीला ती तिथे असते." ती म्हणजे ती म्हातारी अस्वलाची मादी, कान फाटलेली. तू लहानपणी बघितली आहेस की तिच्या आधीची, मला आता नक्की सांगता येणार नाही. बाबा तिला टोपी काढून नमस्कार करायचे. इतक्या वर्षांत तिने आमच्या एका जाळ्याला हात लावला नाही. ती ओढ्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे.

ते गेलेच. मी मागून गेले. ती होती, गुडघाभर पाण्यात, मासा खात. लांब. आमच्याकडे बघितलं आणि परत खायला लागली. मी हळू आवाजात म्हटलं, "बोलत बोलत मागे या. पळू नका." कल्व्हर लगेच मागे आला. ट्रेंटने .४५४ काढलं.

"ट्रेंट, आत ठेव ते," मी म्हटलं. "ती काही करत नाहीये."

"नुसतं घाबरवतो, मॉम. बघा हं," हे कल्व्हरला.

घाबरवायला हवेत उडवतात. त्याने कुठे धरलं होतं त्याचं त्याला माहीत, पण गोळी तिच्या मागच्या पायाच्या वर लागली. ती ओरडली तसं मी कुठलं अस्वल ओरडलेलं ऐकलेलं नाही. दुसरी गोळी आभाळात गेली. त्याचेही डोळे मिटलेले होते, मी बाजूलाच उभी होते, मी बघितलं. ती पाय ओढत अल्डरच्या झुडपांत घुसली.

आणि मार्फा, हे त्याने तुला सांगितलेलं नाही, म्हणून नीट वाच. पायलटने हाक मारली, पाणी उतरतंय, आता निघायला हवं. कल्व्हर पांढराफटक पडला होता, पण निदान त्याने विचारलं, "यांचं काय? या इथेच राहणार?" ट्रेंट म्हणाला, "गेलं ते. मरेल आपोआप झुडपात. तुम्ही दार लावून बसा, मॉम." आणि विमानात चढला. रिव्हॉल्व्हर कमरेला लावून.

जखमी अस्वल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर ठेवून तुझा नवरा निघून गेला. तू ज्याला जीव वाचवणं म्हणतेस ते हे.

दार लावून बसता आलं असतं. पण त्याच ओढ्याने वर जवळच्या छोट्या गावातल्या बायका ब्लूबेरीला जातात. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी फ्योदरला रेडिओवर बोलावलं. तो आला, रायफल घेऊन, एक पाय टाकत. मी काय झालं ते सांगितलं. त्याने एकच शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

"मी पुढे जातो," तो म्हणाला.

"तुझा गुडघा वाकत नाही. तू पुढे गेलास तर तुलाच उचलून आणावं लागेल."

"मग?"

"मी पुढे."

वाद घालायला वेळ नव्हता. रक्त पानांवर होतं, ते धरून गेलो. अल्डर इतकं दाट की फ्योदरची रायफल फांद्यांत अडकत होती. मी बाबांशी बोलत होते, मनात नाही, मोठ्याने. त्यांना शिव्या घालत होते, सोडून गेल्याबद्दल.

ती डाव्या बाजूने आली. पायाला जखम असून एवढ्या जोरात येईल असं वाटलं नव्हतं. मागे फ्योदर खाली पडल्याचा आवाज आला. मी दोन्ही हातांनी धरलं होतं. मी डोळे मिटले नाहीत. किती गोळ्या झाडल्या ते मला आठवत नाही, फक्त शेवटी टक झालं आणि या वेळी ते घर कुणी मुद्दाम रिकामं ठेवलेलं नव्हतं. ती वळली, बसली. फ्योदरने पडल्या पडल्याच रायफलने शेवट केला.

ती थांबली ती माझ्यापासून आपल्या जेवणाच्या टेबलाएवढ्या अंतरावर. मी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिले. दात झिजून गेले होते तिचे. मला आनंद वगैरे काही झाला नाही. लाज वाटली. तिच्यापुढे आपल्या घराची लाज वाटली.

कायदा तुला माहीत आहे. जिवाला धोका म्हणून अस्वल मारलं तर कातडं आणि कवटी सरकारला द्यायची, आणि काय झालं ते सांगायचं. आम्ही दोघांनी ती सोलली. फ्योदर म्हणाला, "विचारतील पहिली गोळी कुणाची. मी म्हणेन माझी, नेम चुकला. म्हाताऱ्याला कोण काय करणार?" तुझ्यासाठी म्हणाला तो, घरात भांडण नको म्हणून. मी रात्रभर त्याचा विचार केला.

अधिकारी आला, तरुण मुलगा, सभ्य. मी त्याला खरं सांगितलं. तिने काही केलेलं नसताना ट्रेंटने गोळी घातली, जखमी केली आणि निघून गेला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, तुमच्या घराचा. कल्व्हरनेही फोनवर तेच सांगितलंय. ते तुमच्या दारी येतील, दंड होईल, बंदूक जाईल, आणखी काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून म्हटलं ट्रेंटला घरी असू दे. त्यांनी तुला एकटीला गाठू नये.

झालं, सांगून टाकलं. पहिल्या ओळीपासून हेच सांगायचं होतं.

आता एकच उरलं. ती फिल्म मी एकदाच पूर्ण बघितली, फ्योदरच्या फोनवर, आवाज लावून. ट्रेंट हसतोय हे मला माहीत होतं. पण त्याच्या मागे आणखी एक हसणं आहे. मी चिखलात बसलेय, कपाळाला हात लावून, आणि तू हसतेयस. तू तिथे होतीस, मी तुला बघितलं नव्हतं, मला वाटलं तू गाडीत आहेस. ट्रेंटवर मी सगळं पत्र खर्च केलं. तो परका आहे, त्याच्यावर रागवणं सोपं आहे.

जागा मी विकणार नाही. कल्व्हरला तसं कळवलंय, त्याने उलट माफी मागितली. सप्टेंबरच्या शेवटी जाळी काढायची आहेत. फ्योदरचा गुडघा असा, आणि मला दोर ओढायला दुसरे हात लागतात. तू येतेस का विचारतेय. एकटी ये. मला उत्तर फोनवर नको, विमानातून उतरलीस की कळेल.

राग गेलेला नाही. तू ये.

तुझी,
आई